टक्केवारी सारखी, मग लाभ वेगळा का?



काही वर्षांपूर्वी एक पालक मुलाची फाईल घेऊन शाळेत आले. म्हणाले, "सर, अर्ज नामंजूर झाला. म्हणजे आमच्या पोराला नीट ऐकू येतं असं म्हणायचंय का त्यांना?" कागद पाहिला. कारण लिहिलं होतं उत्पन्नाचं. मुलाच्या कानाबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. पण त्या एका शब्दाने ते इतके खचले होते, की परीक्षेतली सवलतसुद्धा मागायची नाही असं ठरवून बसले होते.

म्हणून आजचा हा पाठ.

दिव्यांगत्व किती हे डॉक्टर ठरवतात. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते, टक्केवारी मिळते, स्वावलंबन कार्ड येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. पण हा फक्त पहिला दरवाजा. पुढचे दरवाजे उत्पन्न, रहिवास, वय आणि कागदपत्रांचे असतात.

एक उदाहरण घेऊ. बारावीच्या वर्गात तीन मुलं आहेत. तिघांचंही वय 18 पूर्ण, तिघांनाही 50 टक्के श्रवणदोष.

पहिला पैठण तालुक्यातल्या शेतमजुराचा मुलगा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 45 हजार. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी मर्यादा 50 हजारांची आहे, म्हणून तो पात्र ठरू शकतो. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना यात महिना 2,500 रुपये आहेत.

दुसऱ्याचे वडील वाळूजच्या कारखान्यात. उत्पन्न 1 लाख 80 हजार. निराधार योजना गेली. पण अकरावीपासून पुढे केंद्राची दिव्यांग शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा अडीच लाख. तिथे त्याला अर्ज करता येतो.

तिसऱ्याचं कुटुंब सहा वर्षांपूर्वी बिहारहून वाळूजला आलं. उत्पन्न पहिल्याइतकंच. तरी निराधार योजना नाही, कारण महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचा रहिवास लागतो. मात्र कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी ठेवलेल्या किमान 5 टक्के जागांना उत्पन्नाची अट नाही.

बघा, कान तिघांचे सारखेच!

उलटंही घडतं. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी 80 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असावं लागतं. टक्केवारी भरली, पण कुटुंबाचं नाव यादीत नसेल तर अर्ज तिथेच थांबतो.

हे सगळं न्याय्य आहे का? माझ्या मते पूर्णपणे नाही. 50 हजारांची मर्यादा म्हणजे महिन्याला साधारण 4,200 रुपये, तेही अख्ख्या घराचे. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, येण्याजाण्याचं भाडं, तपासणीसाठी बुडालेली मजुरी हा खर्च उत्पन्नाच्या दाखल्यावर कुठेच दिसत नाही. पण नियम बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे?

शिक्षकांनी एवढं नक्की करावं:

1. आधार, शाळेचा दाखला, बँक पासबुक आणि स्वावलंबन कार्डावरचं नाव व जन्मतारीख जुळते का ते पाहावं. फरक असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करून घ्यावा.

2. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, बँक खातं आधारशी जोडलंय का, हे विचारावं.

3. मुलगा अठराव्या वर्षाला पोचायच्या आत पालकांना बोलावून पुढच्या योजना समजावून सांगाव्यात.

4. अर्ज नामंजूर झाला तर कारण वाचून दाखवावं.

पालकहो, 'नामंजूर' हा शिक्का एका योजनेवरचा असतो. तो तुमच्या मुलाच्या अडचणीवरचा निकाल नाही. एक दार बंद झालं म्हणून फाईल माळ्यावर टाकू नका. ती घेऊन शाळेत या, आपण मिळून पुढचं दार शोधू.