फाइल दिली, तरी बॉट चुकीचा भाव का सांगतो?

व्हिडिओत आपण चॅटजीपीटीमध्ये स्वतःचा जीपीटी बनवला. आता त्यातल्या 'नॉलेज'बद्दल, म्हणजे आपण अपलोड करतो त्या फाइल्सबद्दल बोलू.

समजा, तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. काउंटरवरच्या मुलाने बॉटला विचारलं, "भाजणीची चकली काय किलो?" बॉटने मागच्या वर्षीचा भाव सांगितला, किलोमागे ४० रुपये कमी. ऑर्डर ५० किलोची. झाले २,००० रुपये कमी!

असं का होतं? बॉट फाइल पाठ करत नाही. फाइलचे छोटे तुकडे होतात आणि प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधून तो उत्तर देतो. जुनं रेटकार्ड तिथेच पडलं असेल, तर त्यातला तुकडाही त्याच्या हाती लागतो. म्हणून चार गोष्टी करा.

१. जुनी फाइल काढून टाका. एका जीपीटीत २० फाइल्स बसतात, म्हणून २० भरायच्या असं नाही. एका विषयाची एकच चालू फाइल ठेवा.

२. प्रत्येक ओळ पूर्ण लिहा. नुसतं '५२०' नको. 'भाजणीची चकली, १ किलो, ५२० रुपये' असं लिहा. रेटकार्डचा फोटो टाकू नका, टाइप केलेला मजकूर द्या.

३. 'इन्स्ट्रक्शन्स'मध्ये स्पष्ट सांगा: "भाव फक्त रेटकार्डच्या फाइलमधूनच सांग. सापडला नाही तर 'मालकांना विचारून सांगतो' म्हण. अंदाज करू नकोस." एवढं सांगूनही तो कधीतरी चुकू शकतो, म्हणून मोठ्या ऑर्डरचा भाव स्वतः बघूनच कळवा.

४. खरेदीचा भाव, होलसेलरची माहिती, ग्राहकांचे मोबाईल नंबर फाइलमध्ये नकोतच. ज्याच्याकडे बॉटची लिंक आहे, तो फिरवून फिरवून प्रश्न विचारून आतला मजकूर बाहेर काढू शकतो. जे दुकानाच्या पाटीवर लिहाल, तेवढंच फाइलमध्ये.

आता होमवर्क. उत्तर तुम्हाला माहीत आहे असे १० प्रश्न वहीत लिहा. त्यातले दोन मुद्दाम फाइलमध्ये नसलेल्या पदार्थाचे ठेवा. त्या दोनांना बॉटने भाव ठोकून दिला, तर तो अजून काउंटरवर बसवायच्या लायकीचा नाही. भाव बदलला की फाइल बदला आणि हेच १० प्रश्न पुन्हा विचारा.

नवीन पोराला आपण पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवतो का? मग बॉटलाही आधी तपासा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!