लस घेण्यापूर्वी : काय सांगावे, केव्हा थांबावे

लसीकरणाच्या दिवशी दोन प्रकारच्या चुका घडतात. साध्या सर्दीमुळे बालकास लस न देताच घरी नेले जाते. किंवा मागील मात्रेनंतर झालेला गंभीर त्रास सांगायचा राहून जातो. पहिल्या चुकीने बालक रोगापासून असुरक्षित राहते. दुसरीने टाळता येण्याजोगा धोका ओढवतो.

आरोग्य सेविकेस आधी सांगा

• पूर्वीच्या मात्रेनंतर काही मिनिटांत वा तासांत अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली असल्यास : ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे असू शकतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तीच लस पुन्हा घेऊ नये.
• पेंटाव्हॅलेंट किंवा त्रिगुणी लसीनंतर ७ दिवसांत आकडी आली वा शुद्ध हरपली असल्यास : पुढील मात्रेचा निर्णय डॉक्टर घेतील.
• कर्करोगावरील उपचार, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा एचआयव्ही संसर्ग असल्यास : बीसीजी, गोवर-रुबेला व तोंडावाटे द्यावयाची पोलिओ लस यांत क्षीण केलेले जिवंत जंतू असतात. प्रतिकारशक्ती फार कमी असल्यास ते अपायकारक ठरू शकतात.
• गर्भवती असल्यास : गोवर-रुबेला लस देत नाहीत. धनुर्वातापासून संरक्षण देणारी टीडी लस मात्र अवश्य घ्यावी.
• बालकाच्या आतड्यात आतडे अडकण्याचा विकार पूर्वी झाला असल्यास : रोटाव्हायरस लस देऊ नये.
• अलीकडे रक्त चढविले असल्यास : त्यातील प्रतिपिंडांमुळे गोवर-रुबेला लसीचा परिणाम उणावतो, म्हणून ती काही महिने पुढे ढकलतात.

तीव्र ताप किंवा रुग्णालयात दाखल करावे लागेल असा आजार असल्यास लस तेवढ्यापुरती थांबवावी व प्रकृती सुधारताच द्यावी.

ही कारणे लस टाळण्यास पुरेशी नाहीत

सर्दी, खोकला, किंचित ताप, सौम्य जुलाब, प्रतिजैविकांचा उपचार, स्तनपान, मुदतपूर्व जन्म, कुटुंबात कोणास आकडीचा विकार असणे. कुपोषित बालकास तर संरक्षणाची अधिकच गरज असते. अशा बालकात गोवराचे स्वरूप गंभीर होते. म्हणून ९ महिने पूर्ण होताच द्यावयाची गोवर-रुबेलाची मात्रा किरकोळ कारणाने लांबवू नये.

लस घेतल्यानंतर

केंद्रावर ३० मिनिटे थांबावे. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, परंतु झाल्यास ती बहुधा याच अवधीत दिसते आणि त्यावरील औषध तेथे तत्काळ देता येते. सौम्य ताप, टोचलेल्या जागी वेदना वा सूज एक-दोन दिवसांत ओसरते. तापासाठी पॅरासिटामॉल आरोग्य सेविकेने सांगितलेल्या प्रमाणातच द्यावे. श्वास लागणे, आकडी येणे किंवा बालक निपचित पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

प्रत्येक वेळी माता व बाल संरक्षण कार्ड सोबत आणावे. एखादी मात्रा चुकली असल्यास संपूर्ण लसीकरण नव्याने सुरू करावे लागत नाही. राहिलेली मात्रा कधी घ्यावी, हे आरोग्य सेविकेस विचारावे.