आधी पेट्रोल हुंगून बघ

मनू, काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला झोप लागेना. गुलमोहराच्या फांद्या उतरवायला माणूस वर दोर बांधून तयार, खाली चेअरमन, सेक्रेटरी, वॉचमन सगळे माना वर करून उभे, आणि तुझी चेन सॉ सुरूच होईना. तीस-चाळीस वेळा दोरी ओढलीस म्हणालीस. शेवटी कोणीतरी बोललंच, "हे बाईमाणसाचं काम नाही." तू मशीन गोणपाटात गुंडाळून घरी आलीस. ते वाक्य तुला किती लागलं असेल ते मला ठाऊक आहे. मुलुंडमध्ये पहिल्या वर्षी मीही तेच ऐकलं होतं. पण काल तुझ्या जागी एखादा पैलवान असता तरी ते मशीन सुरू झालं नसतं. बोलता बोलता तू म्हणालीस ना, टाकीत दिवाळीच्या आधीचं पेट्रोल होतं? तिथेच मला उलगडा झाला.

आपल्या धंद्याचं वर्ष कसं असतं बघ. एप्रिल-मेमध्ये पावसाआधीची छाटणी, मग सप्टेंबरपर्यंत पडलेल्या फांद्या, त्यानंतर गवत. दसरा झाला की चेन सॉ माळ्यावर जाते, ती होळीनंतरच खाली येते. पोटात पेट्रोल तसंच. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलच्या शंभर भागांत वीस भाग इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडची हवा किती दमट, ते तुला मी काय सांगू, मिठाची बरणी बघ. पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. टाकीतला फिल्टरही नेमका तळाशीच लोंबत असतो. म्हणजे तू दोरी ओढतेस तेव्हा इंजिनाला पेट्रोल नाही, ते पाणी मिळतं. आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहिलेलं असतं, त्यामुळे चुकून सुरू झालंच, तर आतला पिस्टन कोरडा फिरतो.

म्हणून सगळ्यात आधी पाना नाही, नाक वापरायचं. झाकण उघड आणि हुंग. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झणकन जातो, शिळ्याला जुन्या व्हार्निशसारखा आंबूस वास येतो. थोडं काचेच्या बाटलीत काढून उजेडात धर. तळाशी वेगळा थर दिसला तर सगळं काढून टाक. गटारात ओतू नकोस हं, गॅरेजवाल्याकडे दे.

बाबांची चेतक आठवते तुला? सकाळी स्कूटर तिरकी करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, पंपावर टू-टी ऑइल मोजून घालून घ्यायचं. तुझी चेन सॉ तीच टू-स्ट्रोक, फक्त लहान. तिला इंजिनाच्या ऑइलची वेगळी टाकी नसते, पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमधूनच. तुझ्या मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर १ लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. औषधाच्या मापाने मोज, अंदाजाने नको. आणि मिसळायचं ते डब्यात, टाकीत नाही. महिन्याभरात संपेल एवढंच कर, आणि तो डबा घरात, गॅलरीत ठेवू नकोस.

माझं पहिलं मशीन मी यातच गमावलं. दोन डबे शेजारी ठेवले होते, एक मिसळलेला आणि एक साधा, दोन्हीवर काही लिहिलेलं नव्हतं. मदतनीस मुलाने साधं पेट्रोल भरलं. थोड्या वेळातच इंजिनाचा आवाज चढत चढत गेला आणि एकदम जाम. पिस्टन चिकटला. चूक त्या मुलाची नव्हती, डब्यावर नाव न घालणारी मी होते. आता माझ्या मिसळलेल्या डब्याला लाल रंगाची जाड पट्टी मारलेली असते. तूही आजच मार.

पेट्रोल ताजं भरूनही सुरू झालं नाही, तर प्लग काढ. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक ओढून ओढून तू इंजिन बुडवलंयस. प्लग बाहेर ठेवून, चोक उघडा ठेवून दोरी सात-आठ वेळा ओढ, आतलं पेट्रोल बाहेर पडू दे, प्लग पुसून लाव. कोरडा असेल तर पेट्रोल वर येतच नाहीये. मग तारेचा आकडा करून टाकीतली नळी बाहेर ओढ. फिल्टर काळा पडलाय का, नळीला चीर गेलीय का, ते बघ. चालू मशीनचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असावा. काजळी धरली असेल तर एअर फिल्टर भुशाने गच्च झालाय किंवा ऑइल जास्त पडलंय. पांढराफटक दिसला तर मशीन लगेच थांबव, कारण इंजिन तापतंय.

आता एक गोष्ट खास तुझ्यासाठी, कारण यात माझे पैसे गेलेत. मशीन पाच मिनिटं छान चालतं आणि मग दम लागल्यासारखं बंद पडतं. मी दुरुस्तीला नेलं, नवा कार्ब्युरेटर बसवून मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी मी वैतागून टाकीचं झाकण सैल केलं, तर मशीन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. टाकीत हवा जायचं बारीक छिद्र बुजलं होतं. आत हवा जात नसेल तर पेट्रोल बाहेर कसं येणार? तेवढं छिद्र साफ केलं, एक रुपया लागला नाही. म्हणून सांगते, कार्ब्युरेटर ही शेवटची पायरी. त्याच्या बाजूला जे बारीक स्क्रू दिसतात, त्यांना तू हात लावू नकोस आणि तुझ्यासमोर कोणी "जरा ट्यून करतो" म्हणून फिरवायला लागला तर थांबव.

कार्ब्युरेटरमध्ये रबराचा पातळ पडदा असतो, डायफ्रॅम म्हणतात त्याला. म्हणूनच चेन सॉ आडवी-तिडवी कशीही धरली तरी चालते, स्कूटरचं तसं नव्हतं. हा पडदा कडक झाला की पेट्रोल ओढत नाही. तो नवा मिळतो. मशीद स्टेशनला उतरून नागदेवीच्या बाजारात जा, जुना पडदा कागदात गुंडाळून सोबत ने, कारण दिसायला सारखे दहा असतात आणि बसतो एकच.

आणि मनू, इंजिन ठणठणीत असून कापत नसेल तर भुसा बघ. दाणेदार पडतोय तर धार आहे. पिठासारखा पडतोय आणि तुला मशीन दाबावं लागतंय, तर साखळी बोथट झालीय. गोल कानस लागते, साखळीच्या मापाप्रमाणे ४ मिलिमीटरची किंवा ४.८ची. प्रत्येक दाताला सारखेच हात मार, आतून बाहेर, एकाच दिशेने. एका बाजूचे दात जास्त घासलेस तर काप वाकडा जातो. सोसायटीच्या झाडांवर तर मला फार राग येतो. झाडांवर नव्हे गं, त्यांना खिळे ठोकणाऱ्यांवर. रोषणाईचे खिळे, पाट्यांचे खिळे, दहा वर्षांपूर्वीचे, सालीने गिळलेले. एका खिळ्यावर साखळी गेली की सकाळभराची धार गेली. काप घेण्याआधी हाताने खोड चाचपून बघ. नारळाच्या झावळ्या कापल्यास तर क्लचचं झाकण उघडून धागे काढ, ते आत गुंडाळून बसतात. साखळीला जळकं ऑइल घालू नकोस, कोणी कितीही स्वस्त पडतं म्हटलं तरी.

साखळीला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढायची. प्रत्येक वेळी. ओढणी नाही, केस बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. पात्याच्या टोकाने कधी कापू नकोस, टोक लाकडाला लागलं की मशीन उसळून तोंडावर येतं. खांद्याच्या वर उचलून तर नाहीच. इंजिन तापलेलं असताना पेट्रोल भरू नकोस, चहा पिऊन ये.

आणि चेअरमन तोंडी म्हणाले "उतरवा हो ताई", म्हणून सुरुवात करायची नाही. १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, महापालिकेच्या वॉर्डातल्या उद्यान खात्याची परवानगी लागते. तुझा वॉर्ड आर मध्य, माझा टी. कागद हातात घे, त्यात किती फांद्या लिहिल्यात ते वाच, मगच दोरी ओढ. पावसात रात्री झाड पडलं आणि त्यात विजेची तार दिसली, तर तुला कितीही फोन येऊ देत, फोन करणाऱ्यांना महापालिकेच्या १९१६ नंबरला कळवायला सांग. तू जायचं नाहीस.

गवत कापायच्या ब्रश कटरचं नंतर बघू, इंजिन तसंच असतं, फक्त गिअरला ग्रीस विसरू नकोस.

रविवारी मशीन घेऊन ये. दोर लावणाऱ्या माणसाला मंगळवारची वेळ दे, चेअरमनना आजच तसं कळव. टाकी पूर्ण रिकामी करून, दोन दिवस उघडी वाळवून आण, पेट्रोल घेऊन लोकलमध्ये चढता येत नाही. खरं तर रिक्षानेच ये लिंक रोडने, पैसे मी देते. सायलेन्सरची जाळी घासायला जुना टूथब्रश माझ्याकडे आहे. ती जाळी तू स्वतः काढायचीस, मी फक्त शेजारी बसणार.