डोळस सराव

चीन देशातील युद्धकलेला जगभर ‘कुंग फू’ या नावाने ओळखतात. मूळ चिनी भाषेत मात्र या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. दीर्घकाळ कष्ट करून संपादन केलेले कोणतेही कौशल्य म्हणजे कुंग फू. निष्णात आचाऱ्याचे अथवा सुंदर अक्षर काढणाऱ्याचे नैपुण्यही याच शब्दाने वर्णिले जाते. काळ आणि कष्ट यांवाचून ही कला साध्य होत नाही, हे तिच्या नावातच सुचविलेले आहे.

या कलेत ‘ताओलू’ नावाचा अभ्यासाचा एक प्रकार आहे. पवित्रे, वार, बचाव, लाथा आणि उड्या ठराविक क्रमाने गुंफून तयार केलेली हालचालींची मालिका म्हणजे ताओलू. पूर्वीच्या गुरूंनी आपल्या अनुभवाचे सार अशा मालिकांत साठविले आणि ते शिष्यपरंपरेने पुढे चालत आले. शिष्याने एखादी हालचाल ढिलाईने केली, तर तिच्यात साठविलेले ज्ञानही तेवढेच उणे होते. म्हणून क्रम पाठ झाला म्हणजे ताओलू आली, असे कोणीही जाणकार म्हणत नाही. खरा अभ्यास तेथूनच पुढे सुरू होतो.

‘धनुष्य-पवित्रा’ हे याचे एक चांगले उदाहरण होय. या पवित्र्यात पुढचा पाय धनुष्यासारखा वाकलेला, तर मागचा पाय बाणासारखा सरळ असतो. मागची टाच जमिनीवर पक्की टेकलेली असते. अशा स्थितीत शिष्य मुठीचा प्रहार करतो, तेव्हा पाहणाऱ्याची दृष्टी मुठीवर खिळते. गुरूची दृष्टी मात्र टाचेवर असते. कारण प्रहाराचे बळ केवळ दंडात नसते. पायाने जमीन रेटली, की ते बळ कंबरेत येते. कंबर वळली, की ते खांद्यातून मुठीत उतरते. टाच उचलली गेली, तर ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते. मग उणे पडलेले बळ भरून काढण्यासाठी शिष्य खांदा उंचावतो आणि पुढे झुकतो. ‘खांदा खाली घे’ असे त्याला शंभरदा सांगितले, तरी दोष जात नाही. टाच टेकली, की खांदा आपोआप उतरतो. हातात दिसणाऱ्या दोषाचे मूळ असे पुष्कळदा पायांत असते.

असे दोष वेगाच्या भरात लपून राहतात. संथ गतीत ते उघडे पडतात. दक्षिण चीनमधील विंग चुन शैलीच्या पहिल्या मालिकेचे नाव ‘सिउ निम ताउ’, म्हणजे ‘लहानशी कल्पना’ असे आहे. तीत पावले एकदा रोवली, की शेवटपर्यंत हलवायची नसतात. केवळ हातांच्या हालचाली करायच्या, आणि त्याही आरंभी अतिशय सावकाश. ताइ ची या शैलीत तर बहुतेक हालचाली संथच असतात. १९५६ साली चीनच्या शासकीय क्रीडा मंडळाने सामान्य जनांसाठी या शैलीची २४ हालचालींची सुलभ मालिका तयार केली. ती पूर्ण करण्यास सुमारे ५ ते ६ मिनिटे लागतात.

चांगला साधक सगळे दोष एकदम सुधारू पाहत नाही. एके दिवशी तो केवळ पावलांकडे लक्ष देतो, दुसऱ्या दिवशी कंबरेकडे, तिसऱ्या दिवशी नजरेकडे. अवघड वाटणाऱ्या दोनच हालचाली मालिकेतून वेगळ्या काढून तो त्या पुनःपुन्हा करतो आणि मग पुन्हा मालिकेत जोडतो.

सराव हा दुधारी शस्त्रासारखा आहे. योग्य हालचाल शंभर वेळा केली, तर ती अंगवळणी पडते. पण चुकीची हालचाल शंभर वेळा केली, तर तीही तितकीच अंगवळणी पडते! वाकलेला गुडघा सतत आत झुकू दिला, तर तो कालांतराने दुखू लागतो. अशी जडलेली खोड मोडणे हे नवे शिकण्याहून कठीण असते. १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत या कलेचा समावेश झाला. अशा स्पर्धांत तोल थोडा जरी ढळला, तरी परीक्षक गुण कापतात. तेथे क्षणभर दिसणारी स्थिरता ही अनेक वर्षांच्या डोळस सरावाचे फळ असते.

किती वेळा केले, याला महत्त्व आहेच. परंतु प्रत्येक वेळी काय सुधारले, याला त्याहून अधिक महत्त्व आहे.

स्वाध्याय

१. ‘कुंग फू’ या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
२. प्रहार पाहताना गुरूची दृष्टी टाचेवर का असते?
३. सरावाला दुधारी शस्त्र का म्हटले आहे?
४. ‘अंगवळणी पडणे’, ‘दृष्टी खिळणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.