ज्यांच्या विहिरी मोजल्या, त्यांना सांगताना

पीएचडी करणाऱ्याचं कामाविषयीचं बोलणं ठरावीक लोकांशीच होतं. गाईड, लॅबमधले सोबती, परिषदेतले श्रोते आणि शेवटी व्हायव्हाला आलेले परीक्षक. या सगळ्यांना विषय आधीच ठाऊक असतो. माझी पीएचडी भूजलावर झाली. पुरंदर तालुक्यातल्या बेसाल्ट खडकात पाणी कुठे साठतं आणि कसं सरकतं, हा विषय. त्यासाठी लोकांच्या विहिरींत टेप सोडून ऋतूमागून ऋतू पाण्याची पातळी मोजली. हे काम ग्रामसभेत मांडलं, मग शाळांत, वाचनालयांत, ज्येष्ठ नागरिक संघांत बोलत गेले. आता माझ्याकडच्या विद्यार्थ्यांकडून अशा बोलण्याची तयारी करून घेते. लोकांना सांगणं हे संशोधन आटोपल्यावर करायचं समाजकार्य नाही, तो संशोधनाचाच भाग आहे, हे या काळात मनाशी पक्कं झालं. त्यातले हे अनुभवाचे बोल.

१. आधी विचारा, मग सांगा

समोरच्यांना काहीच माहीत नाही असं धरून सुरुवात केली, की पाच मिनिटांत लोक मोबाइल काढतात. गावात विहिरी खोदण्यात हयात गेलेली माणसं बसलेली असतात. मुरूम किती हात लागला, काळा पाषाण कुठून सुरू झाला, मध्ये तांबड्या गेरूचा पट्टा कुठे आला, हे त्यांना विहीरवार पाठ असतं. म्हणून मी बोलण्याआधी फळ्यावर एक उभी रेघ काढते आणि विचारते, "तुमच्या विहिरीला झरा किती परसावर आहे? कुठल्या अंगाला?" परस म्हणजे पुरुषभर खोलीचं माप. एकेक जण सांगत जातो, मी खुणा करत जाते. थोड्या वेळात परिसराचा उभा छेद फळ्यावर तयार होतो. मग मी एवढंच जोडते, की हे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले लाव्हाचे प्रवाह आहेत. ज्या माहितीवर आयुष्य काढलं तिचं कारण आज कळलं, की माणसं सरसावून बसतात.

२. एकच गोष्ट सांगा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ मध्ये 'थ्री मिनिट थिसिस' ही स्पर्धा सुरू केली. तीन मिनिटं आणि एकच स्थिर स्लाइड, एवढ्यात आपला प्रबंध सांगायचा. आज ती जगभरातल्या विद्यापीठांत होते. तिची शिस्त मला फार मोलाची वाटते. माझा विद्यार्थी स्लाइड करायला बसण्याआधी एक वाक्य लिहून आणतो. माझं वाक्य असं होतं : आपल्या खडकातलं बहुतेक पाणी वरच्या थरांत आहे, म्हणून खोल जाण्यापेक्षा पाऊस मुरवणं महत्त्वाचं. या वाक्याला आधार देणारं ठेवायचं, बाकीचं कितीही कष्टानं मिळवलेलं असलं तरी बाजूला काढायचं. कुणी विचारलं तर ते सांगता येतंच.

३. माप त्यांचं वापरा

आमच्या पेपरांत विशिष्ट उत्पादकता एक ते तीन टक्के असं लिहिलेलं असतं. सभेत हा आकडा कुणापर्यंत पोचत नाही. तेच असं सांगावं : छतावरच्या हजार लिटरच्या टाकीएवढा खडक घेतला, तर त्यातून एक-दोन बादल्या पाणी सुटतं. लगेच मागून आवाज येतो, "मग सहाशे फूट जाऊन काय मिळणार?" मला जिथे पोचायचं होतं तिथे श्रोता आपल्या पायांनी पोचलेला असतो. पातळी मीटरमध्ये मोजली असली तरी ती फुटांत किंवा परसांत सांगावी, आणि विहिरीची ताकद मोटर किती तास चालते यावरून. साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर राज्याचा २००९ चा भूजल कायदा निर्बंध घालतो, हेही 'दोनशे फूट' म्हटल्यावरच ध्यानात येतं. माप बदललं म्हणून अचूकपणा सोडायचा नाही. बादलीचा हिशेब घरी दोनदा करून मगच सभेत जावं.

४. वस्तू हातात द्या

माझ्या पिशवीत दोन दगड कायम असतात. एक घट्ट काळा बेसाल्ट, पण भेगेवर फुटलेला. भेगेची बाजू तांबूस-पिवळी झालेली दिसते. तिथून पाणी वाहत होतं, त्याचा तो डाग. फोडलेली दुसरी बाजू मात्र कोरी, काळीशार. दुसरा दगड बारीक पोकळ्यांचा, त्यांत पांढरी खनिजं भरलेली, नखानं खरवडला तर भुगा होणारा. हे दोन दगड रांगेतून फिरतात तेव्हा मी गप्प राहते. 'पाणी दगडात नसतं, दगडाच्या भेगांत नि झिजलेल्या भागात असतं', हे वाक्य मग बऱ्याचदा श्रोत्यांतलंच कुणीतरी बोलतं. प्रोजेक्टरची वीज गेली तरी दगड चालू राहतात. प्रत्येक विषयात अशी एखादी वस्तू असते. वनस्पतिशास्त्रवाल्याकडे बी असतं, भाषेच्या अभ्यासकाकडे ध्वनिमुद्रण, इतिहासवाल्याकडे मोडीतल्या कागदाची छायाप्रत. ती शोधावी.

५. 'नक्की सांगता येत नाही' हे स्पष्ट सांगा

सभेनंतर हमखास कुणीतरी हात धरून विचारतं, "ताई, माझ्या रानात बोअर लागेल का?" बोअरचा खर्च कर्जातून व्हायचा असतो, हे लक्षात ठेवूनच उत्तर द्यावं. मी म्हणते, "अण्णा, खात्री देता येत नाही. झिजलेला थर तुमच्या ओढ्याकडच्या बाजूला जाड आहे, म्हणून शक्यता तिकडे जास्त. पण वरच्या अंगाला पाणी मुरायला जागा राहिली नाही, तर लागलेलं पाणीही टिकायचं नाही." पाणाड्या हातावर नारळ ठेवून ठाम जागा दाखवतो, आणि आपण शक्यतेची भाषा बोलतो. पाणाड्याची टिंगल करून हा फरक मिटत नाही, उलट ज्यांचा त्याच्यावर विश्वास असतो ती माणसं दुरावतात. मी का सांगू शकते आणि कुठवर सांगू शकते, हे उलगडून दाखवलं की लोक नीट ऐकून घेतात. विज्ञानाला मर्यादा असते आणि ती विज्ञानच सांगतं, हे त्यांनी आपल्या तोंडून ऐकणं फार गरजेचं आहे.

६. काय सांगायचं नाही, तेही ठरवा

विहिरीचं पाणी म्हणजे जमिनीचा भाव. कुठली विहीर मार्चमध्ये आटते, हे नावानिशी भिंतीवर झळकलं तर त्या घराचं नुकसान होऊ शकतं. म्हणून गावासमोरच्या नकाशावर नावं नाहीत, गटनंबर नाहीत, फक्त पट्टे. ज्याची विहीर त्याला त्याचे आकडे वेगळे द्यावेत. अप्रकाशित निष्कर्षातलं काय बोलायचं, हे गाईडशी आधी बोलून घ्यावं. लोकांनी विश्वासानं दाखवलेली गोष्ट जपणं, हे सांगण्याइतकंच महत्त्वाचं.

७. मराठीत लिहा, जागा आहेत

बोललेलं विरतं, लिहिलेलं हातोहात फिरतं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करते आहे, तिची पत्रिका नव्या लेखकांना वाचक मिळवून देते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही योजना खास पीएचडीच्या आणि त्यापुढच्या संशोधकांसाठी काढली, स्वतःचं संशोधन सामान्य वाचकासाठी लिहायला लावणारी. बोलायचं असेल तर टीआयएफआर या संशोधन संस्थेचा 'चाय अँड व्हाय' हा गप्पांचा कार्यक्रम २००९ पासून मुंबईत भरतो आहे. विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला आणि शाळांचे प्रयोग बघायला आसपासच्या गावांतून मुलं येतात. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा, सहीचं उत्तर मिळेल. आणि ते उत्तर धाडत. एवढ्या व्यापातल्या माणसानं पोस्टकार्डाला वेळ दिला. पीएचडीच्या धबडग्यातही महिन्याकाठी एक पान लिहिता येतं.

८. प्रश्न वहीत उतरवा, आणि परत जा

ग्रामसभेत बाया मागे बसतात आणि कमी बोलतात. म्हणून मी त्यांच्याशी वेगळी बसते. हापसा कुठल्या महिन्यात रिता चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. अशाच एका बैठकीत एका काकूंनी विचारलं, "पलीकडच्या खोऱ्यात बोअर वाढल्या की आमचा झरा आटतो. मधे तर डोंगर आहे, मग हे कसं?" डोंगर ओढ्यांचं पाणी वाटून देतो, पण लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पसरलेले असतात. एकच पाणीदार थर डोंगराखालून दोन्ही खोऱ्यांत गेलेला असू शकतो. मी तोवर पाणलोटाच्या सीमेतच मोजत होते. त्या प्रश्नानंतर पलीकडच्या विहिरीही धरल्या, आणि प्रबंधातलं एक प्रकरण त्यातून उभं राहिलं. कुठल्याही परीक्षकानं विचारला नसता, असा तो प्रश्न होता. म्हणून सभेतला प्रत्येक प्रश्न, गाव आणि तारीख घालून, वहीत उतरवावा.

प्रबंध विद्यापीठात जमा झाल्यावर शेवटची फेरी गावात करावी. ऑक्टोबर आणि मे महिन्यांतल्या पातळ्या, पाणी मुरवायला योग्य असे पट्टे, आणि आपल्याला न सुटलेला प्रश्न, एवढं एका पानावर मराठीत लिहून ग्रामपंचायतीत द्यावं आणि वाचून दाखवावं. पदवी विद्यापीठ देतं, पण निष्कर्षांवर त्यांचाही हक्क असतो, ज्यांनी अनोळखी पोरीला आपल्या विहिरीत टेप सोडू दिला. ते पान त्यांच्या हाती पडेपर्यंत काम पूर्ण झालं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणू देत नाही.