प्रतिकृतीचा वर्ग

आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांची कार्यक्रमपत्रके अधूनमधून लागतात. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. अमुक महिन्यात प्रदर्शन, शनिवारी व्याख्यान, रविवारी रेखाटनाचा वर्ग. ती वाचताना मनात पहिला प्रश्न येतो तो चित्राचा नव्हे, देवगिरी एक्स्प्रेसच्या आरक्षणाचा. एका वर्गासाठी दोन रात्री गाडीत काढणे सगळ्यांनाच परवडत नाही. मग ‘आपल्याकडे असे काही होत नाही’ असे म्हणून आपण फलकापासून दूर होतो.

मीही तसेच म्हणत असे. गतवर्षी एका निबंधासाठी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतींविषयी वाचू लागले आणि ध्यानात आले की, मूळ कलाकृतीसमोर बसून शिकण्याचा एक फार मोठा वर्ग आपल्याच जिल्ह्यात, शहरापासून शंभरेक किलोमीटरांवर, वर्षानुवर्षे भरला होता. त्या वर्गाची हकीकत सांगावी आणि तिच्यावरून आजचा एक मुद्दा मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रती करण्यासाठी नेमणूक झाली. गिल म्हटले की आपल्याकडे लगेच पारोची आठवण निघते; ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्याने ती घरोघर पोचवली. पण त्या गोष्टीच्या छायेत त्याचे काम झाकून जाते. जवळजवळ वीस वर्षे हा मनुष्य काळोख्या लेण्यांत तैलरंगांत प्रती करीत होता. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत चारपाच वगळता साऱ्या जळाल्या.

मग १८७२ पासून ते काम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे आले. तेथील जॉन ग्रिफिथ्स हे आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. मध्ये काही खंड पडला, तरी १८८५ पर्यंत हे चालले आणि सुमारे ३०० प्रती तयार झाल्या. हाच तो वर्ग. त्यात पेस्तनजी बोमनजी होते. पुढे पारशी घरांतील माणसांची त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे नावाजली गेली. त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे, बाकीच्या बहुतेक मुलांची नावे सामान्य वाचकाच्या कानावरही येत नाहीत. ती मुले आज आपण ज्या वयाची आहोत त्याच वयाची असावीत. सर्वत्र ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ असेच म्हणतात, हे मला थोडे खटकते.

त्या मुलांना तेथे काय शिकायला मिळाले असेल? प्रत करणे म्हणजे नक्कल, आणि नक्कल म्हणजे कमी दर्जाचे काम, असा आपल्यात एक समज आहे. तो किती उथळ आहे हे भिंतीपाशी गेल्यावर कळते. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर पांढरा पातळ लेप. तो सुकल्यावर डिंकासारख्या द्रव्यात कालवलेले रंग. आधी तांबड्या रेषेने आकृती, मग रंग भरणे, आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेषेने तीच आकृती पुन्हा बांधून घेणे. गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना हे सारे जवळपासचे. निळा मात्र लाजवर्दाचा, दूरदेशाहून आणलेला. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची छापील तसबीर मी पुस्तकावरून तीन वेळा काढली होती. नाकाच्या दांड्यावर आणि ओठांवर उजळ रंगाचा स्पर्श देऊन चेहरा उठावदार केलेला आहे, हे मला त्या तीन वेळांत दिसले नाही. प्रत्यक्ष लेण्यात काही मिनिटांत दिसले. छापील चित्रात तो उजळपणा मी छपाईचा दोष समजत होते!

प्रत करणाऱ्याला असे क्षणोक्षणी ठरवावे लागते की, ही रेषा चित्रकाराची की भिंतीला गेलेल्या तड्याची? हा डाग सावलीचा की वटवाघळांचा? पाहणे आणि नुसते बघणे यांतला फरक येथे पडतो.

परंतु या वर्गाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख स्तुतिस्तोत्र होईल. काळवंडलेले रंग स्पष्ट दिसावेत म्हणून प्रती करणाऱ्यांनी मूळ चित्रांवर वार्निश फिरवले. काही काळ रंग उजळले. पुढे ते वार्निश पिवळे पडले आणि त्याखाली चित्र दबले. म्हणजे ज्यांचे चित्रांवर सर्वांत अधिक प्रेम होते, त्यांच्याच हातून चित्रांना इजा झाली. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी जुने वार्निश काढण्याचा यत्न केला आणि सुटणारे रंग लाखेच्या द्रावणाने पक्के केले. कालांतराने ती लाखही पिवळी पडली, आणि ती उतरवण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांवर आले.

इकडे लंडनला गेलेल्या ग्रिफिथ्सच्या प्रतींचे काय झाले? १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्या पुष्कळशा नष्ट झाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि क्वचितच प्रदर्शनात येतात. मूळ भिंतीवर गेल्या दीडशे वर्षांत जे झडून गेले, त्यांतले काही भाग आता त्या कापडांवरच पाहायला मिळतात. आपल्या जिल्ह्यातील चित्राचा हरवलेला तुकडा पाहायचा तर पासपोर्ट काढावा लागतो, यावर काय बोलावे!

तरीही वर्ग वाया गेला असे मी म्हणणार नाही. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम प्रती करण्यासाठी आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे नंदलाल बोस व असितकुमार हालदार होते, हैदराबादचे सय्यद अहमद होते. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच अभिरक्षक झाले. नंदलालांच्या हातात बसलेली ती रेषा शांतिनिकेतनात गेली, आणि भारतीय राज्यघटनेच्या मूळ प्रतीची पाने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सजवली तेव्हा तेथेही पोचली. कापड जळाले तरी हाताला लागलेले वळण जळत नाही.

आता आजचा प्रश्न. असा वर्ग अजिंठ्यात पुन्हा भरवता येईल का? नाही, आणि भरवूही नये. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसेच सोडतात, दिवे मंद असतात, थोड्या वेळात बाहेर यावे लागते. माणसांच्या श्वासाचा दमटपणा चित्रांना सोसत नाही, तेव्हा हा नियम योग्यच आहे. पण मग मूळ वस्तूसमोर तास तास बसण्याची सवय विद्यार्थ्याने कोठे लावून घ्यावी? माझे उत्तर असे की, गावातल्या संग्रहालयात. आणि ती आपल्याकडे आहेत. विद्यापीठात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. त्याच वाटेवर, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, सोनेरी महाल आहे. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या बुंदेलखंडी सरदाराने सतराव्या शतकात तो बांधला. आतल्या भिंतींवर एके काळी सोनेरी रंगातली चित्रे होती म्हणून हे नाव. तेथे आता राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. आपल्यापैकी अनेकजण महोत्सवाच्या गाण्यांना तेथे गेले असतील. मूर्ती पाहायला किती गेले, हे हात वर करून विचारायला नको.

गेल्या पावसाळ्यात मी तेथे एका भग्न मूर्तीचा हात काढत तीन तास बसले. पहिल्या तासात हात काढून झाला असे वाटले. दुसऱ्या तासात बोटांची लांबी चुकल्याचे कळले. तिसऱ्या तासात उजेड सरकला आणि मनगटावरच्या कंकणाखाली आणखी एक बारीक कंकण कोरलेले दिसले. रखवालदारकाका दोनदा येऊन पाहून गेले. शेवटी त्यांनी विचारले, “काय ताई, परीक्षा आहे का?” नाही म्हटल्यावर ते मागे उभे राहून वहीत पाहू लागले आणि म्हणाले, “अंगठा जाड झाला.” खरोखरच झाला होता.

तेव्हा आम्ही काही जणांनी असे ठरवले आहे. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन परीक्षेच्या धामधुमीत येतो आणि १८ मेचा संग्रहालय दिन सुटीत. म्हणून १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह धरून रविवारचे रेखाटन वर्ग सुरू करावेत. एका बैठकीस एकच वस्तू, वेळ तीन तास. वर्षाअखेरीस त्या रेखाटनांचे प्रदर्शन महाविद्यालयाच्या व्हरांड्यात मांडावे आणि प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव लिहावे. ग्रिफिथ्सच्या मुलांसारखे होऊ नये. परवानगीचा अर्ज दिला आहे. होकार येताच सूचना फलकावर लागेल. येणाऱ्यांनी फक्त पेन्सिल आणि वही आणावी. शाई, जलरंग व पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवाव्यात. मूर्तीला हात लावू नये. रखवालदारकाकांनी दोन खुर्च्या द्यायचे कबूल केले आहे. बाकीच्यांनी बसायला सतरंजी आणावी.