बायोमास : शेतातला कचरा, कारखान्याचे जळण

बायोमास हा शब्द आता कारखानदारांच्या बोलण्यात नेहमी येतो. सायझिंगमध्ये सुताला खळ लावायची किंवा प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायचे, तर वाफ लागते आणि वाफेसाठी बॉयलरला जळण लागते. कोळशाऐवजी बायोमास जाळा, असा सल्ला अनेक जण देतात. परंतु ही चीज नेमकी काय आहे आणि तिचा हिशोब कसा करावा, हे समजून घेतल्याशिवाय सौदा करणे योग्य नाही.

बायोमासला मराठीत जैवभार म्हणतात. वनस्पती व प्राण्यांपासून मिळणारा आणि ऊर्जेसाठी वापरता येणारा माल त्यात मोडतो. उसाचे चिपाड, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस, लाकडाचा भुसा, शेण ही आपल्याकडची उदाहरणे. रोप ऊन, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढते. ते जाळले की तोच वायू हवेत परत जातो आणि पुढचे पीक तो शोषून घेते. पीक दरवर्षी येते, म्हणून या साधनाला नूतनीकरणक्षम म्हणतात. कोळसाही मुळात वनस्पतींचाच, पण तो बनायला कोट्यवधी वर्षे लागली. मात्र जंगल तोडून आणलेले आणि ज्याच्या जागी दुसरे झाड वाढत नाही असे लाकूड या हिशोबात बसत नाही.

साखर कारखाने हे जळण फार पूर्वीपासून वापरतात. एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो चिपाड निघते. त्यावर कारखाना स्वतःची वाफ व वीज तयार करतो. भुसा, टरफले यांसारखा सुटा माल यंत्रात दाबून त्याच्या कांड्या करतात. बाजारात त्याला पांढरा कोळसा म्हणतात. दाबाने व उष्णतेने लाकडातला चिकट अंश सुटतो, त्यामुळे बहुधा वेगळा डिंक लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. जळण वजनावर विकले जाते, परंतु आपल्याला हवी असते उष्णता. मालातले पाणी वजन वाढवते आणि वाफ होऊन जाताना उष्णताही खाते. १० टक्के ओल असलेल्या मालातून किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी मिळतात. ४० टक्के ओल असेल तर जेमतेम २,१००. समजा, कोरडा माल ६ रुपये आणि ओला माल ४ रुपये किलो आहे. ओला स्वस्त दिसतो. पण हजार किलोकॅलरीला कोरडा १ रुपया ७१ पैसे पडतो आणि ओला १ रुपया ९० पैसे. शिवाय ओल्या मालाचा धूर जास्त.

ओल तपासणे अवघड नाही. गाडीतल्या चार-पाच ठिकाणचा मिळून एक किलो माल घ्यावा, बारीक करून पत्र्यावर पसरावा आणि न जाळता, वजन घटायचे थांबेपर्यंत गरम जागी वाळवावा. ७५० ग्रॅम उरला, तर ओल २५ टक्के. सौदा करतानाच ओलीची मर्यादा ठरवून ती लिहून घ्यावी, म्हणजे नंतर तक्रार राहत नाही.

राखही पाहावी. भाताच्या तुसात सुमारे पाचवा हिस्सा राख असते, भुशात फारच थोडी. जळण बदलण्याआधी बॉयलरच्या जाणकाराला विचारावे. प्लास्टिक, रबर किंवा चिंध्या यात मिसळू नयेत. त्यांचा विषारी धूर आपल्याच मोहल्ल्यात उतरतो.

२०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात बायोमासच्या गोळ्या मिसळण्याचे धोरण ठरवून दिले. म्हणजे या मालाला मोठे गिऱ्हाईकही आहे. म्हणून कपाशी निघाल्यावर, उन्हाळ्यातच माल घेऊन पावसाळ्यापूर्वी छपराखाली साठवावा. शेतकऱ्याला पऱ्हाट्यांचे चार पैसे मिळतील आणि आपल्या बॉयलरला कोरडे जळण.